बाळाकडे न बघणारी बाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नारळ खवणं. मी विळीवर बसलेलो, बायको समोर पाटावर अळीव भिजवत. लाडू करायचे होते.

"करवंटी खरवडू नका, काळं येतंय," ती म्हणाली.

"लाडू काय मला मिळणारेत?"

"तुम्ही बाळंत व्हा, देते."

अशी तोंडाची. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस, फुलवून लिहिता येत नाही. होती तशी सांगतो.

आमची ही टिटवाळ्यात बाळंतिणींना न्हाऊ घालायची. तुम्ही पाहिलं असेल, बाळाच्या घरात शिरणारं माणूस सरळ पाळण्याकडे जातं. नाक कोणाचं, रंग कोणाचा. ही पाळण्याकडे ढुंकून बघत नसे. पदर खोचायचा, बाळंतिणीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचं आणि विचारायचं, "झोपलीस का गं?" आज्यांना राग यायचा. एक म्हणालेली, "अहो, आमचा नातू बघा तरी!"

"त्याला बघायला सगळा गाव आहे. हिला कोण बघतंय?"

आधी आईचं अंग चोळायचं, तिला न्हाऊ घालायचं, धुरी देऊन झोपवायचं. मग बाळ. असा उलटा कारभार. काही घरांनी परत बोलावलं नाही. हिला त्याचं काही नव्हतं.

शेवटची बाळंतीण आमच्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची. सव्वा महिना झाला आणि तिची आई गावी गेली. नवरा ठाण्याला कामाला. मांडीवर पोरगा, पुढ्यात लॅपटॉप, कारण ऑफिसचं काम घरून सुरू झालेलं. त्यात मोबाईलमधल्या बाया दिवसभर शिकवणार, बाळाला असं झोपवा, त्याच्याशी तसं बोला, नाहीतर त्याचं डोकं चालायचं नाही. आमच्या वेळच्या बायांना एक सासू असायची. या पोरीला खिशात सासवांची वरात.

एकदा तेल लावून घेताना पोरगी म्हणाली, "मावशी, मला याचा राग येतो. वाटतं, दार ओढावं आणि निघून जावं. मी वाईट आई आहे का?"

हिने घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, "आई असून असं बोलतात?"

"बोलते ती बरी. न बोलणारीची मला भीती वाटते."

त्याच संध्याकाळी ही वर जाऊन तिच्या नवऱ्यापुढे उभी राहिली. "डॉक्टरकडे ने तिला. अंग मी चोळते, मन चोळायला मला येत नाही."

"मावशी, मनाचा डॉक्टर म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"लोक उठतात का रे रात्री पोराला घ्यायला?"

गड्याने नंबर लावला. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांनाही बोलावलं. मग पोराला कोण सांभाळणार? ही म्हणाली, "मी आहे ना."

आणि जायच्या आदल्या दिवशीच ही गेली.

संध्याकाळी सगळं उरकून आम्ही परत आलो. वरची पोरगी जिन्यात भिंतीला टेकून रडत होती. नवऱ्याला म्हणाली, "उद्याचं राहू दे. पुढच्या आठवड्यात बघू." मी ऐकलं. असले पुढचे आठवडे येत नसतात.

सकाळी आंघोळ केली आणि वर निघालो. माझी मुलगी सासरहून आलेली, ती आडवी आली. "बाबा, सुतक आहे आपल्याला! बाळाच्या घरात जातात का?"

नाहीच जात. मीही कधी गेलो नव्हतो.

दार पोरीनेच उघडलं. केस पिंजारलेले, कानाला फोन. पलीकडे सासू होती. मी आल्याचं कळल्यावर तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला, "अगं, सुतकातलं माणूस! बाळाला हात लावू देऊ नकोस!"

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. म्हटलं, "हिने तुला शब्द दिलेला. तो पुरा करायला आलोय. जबरदस्ती नाही. देत असशील तर दे."

ती फोनवर म्हणाली, "आई, नंतर बोलते," आणि फोन ठेवला. आतून पोरगा आणून माझ्या हातात दिला. "काका, मान धरा हं."

खाली रिक्षा उभी होती. नवरा आधीच आत बसलेला. गॅलरीत माझ्या हातात पोराने असा सूर लावला की ती एक पाय आत टाकून थांबली. वर बघायला लागली. मी हाताने केलं, जा. बस. ती बसली. रिक्षा कल्याणच्या रस्त्याला लागली.

पोरगं काही गप्प होईना. मला अंगाई येत नाही. म्हटलं, "रड राजा. तुझी आई येईल परत."

एवढं बोललो आणि कालपासून अडकलेलं माझंही सुटलं. दोघं मिळून रडलो. आधी तो थांबला.