गिटारीची जवारी

केरबा सुताराला सगळ्याचं भय वाटे. गाडीचं चाक बसवून दिलं, की ती गाडी इंद्रायणीपलीकडे सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. इंदुरीच्या आसपासच्या भजनी मंडळांच्या वीणा तोच दुरुस्त करी आणि परत देताना दर वेळी म्हणे, "बघा बुवा, वाजती का." पण "मला येत नाही" असं म्हणायचं भय त्याला सगळ्यांत जास्त. ते शब्द त्याच्या तोंडून कधी निघालेच नव्हते.

१९७३च्या दिवाळीनंतर सोपान त्याच्याकडे आला. सोपान लोणावळ्याच्या एका हॉटेलात माळी होता आणि गावच्या भजनात वीणा धरी. हॉटेलातल्या बँडमध्ये एक जण बेस वाजवायचा. गिटारसारखंच वाद्य, पण पोट मोठं, मान लांब आणि तारा चारच, त्याही सुतळीएवढ्या जाड. काम आटोपलं की सोपान त्याच्याकडून शिकत बसे. तो माणूस वाद्यासकट निघून गेला, तेव्हा बँडचे पास्कोल मास्तर सोपानला म्हणाले होते, "शनिवारी वाद्य घेऊन ये, जागा तुझी. नाही आलास तर खंडाळ्याचा माणूस बोलावतो."

तसंच एक वाद्य रेल्वेतून निवृत्त झालेला एक गार्ड साठ रुपयांत विकत होता.

"केरबाभाऊ, तुमी नजर टाका. तुमी व्हय म्हनलं की घेतो."

दोघं गार्डाकडे गेले. केरबाने असलं धूड जन्मात पाहिलं नव्हतं. नांगराचं इसाड, म्हणजे लांब दांडा, बघावा तसा एक डोळा मिटून त्याने मान बघितली. सरळ होती. पोटावर टिचक्या मारल्या, कुठं चीर बोलत नव्हती. पण तारा इतक्या उंच की खालून बोट जावं. दाबणाऱ्याची कातडी सोलून निघायची. म्हणूनच ते स्वस्त होतं.

"बसतील का ह्या खाली?" सोपानने विचारलं.

केरबाला खरं तर ठाऊक नव्हतं. पण तोंडातून निघालं, "व्हय."

घरी आणल्यावर दोन दिवस त्याने वाद्याला हात लावला नाही.

"अवो, साप हाय का त्यो?" पुतळाबाई, त्याची बायको, म्हणाली. "डसत न्हाई, धरा."

तिसऱ्या दिवशी त्याने तारा सैल करून घोडीवरची, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी काढली आणि कानस चालवली. एकदा घासलेलं हाड पुन्हा वाढत नाही, हे मनात घोळत होतं. तारा खाली आल्या. मग हाताला सवय होती तसा त्याने पट्टीचा माथा सपाट, किंचित उतरता केला. वीणेची जवारी अशीच काढतात. तार हाडावर थरथरत राहते आणि आवाज घुमत राहतो. छेडलं तर सगळं घर घुमलं.

"वीनाच की वो ही!" सोपान म्हणाला. "लय ग्वाड."

शनिवारी केरबाही सोबत गेला. पास्कोल मास्तरांनी एकच तार छेडली आणि त्यांचं तोंड आंबट झालं.

"अरे सोपान, आत माशी कोणी सोडली?"

बँडवाले हसले.

"ही झणझण कशाला? बेसचा ठोका गोल पडला पाहिजे. लोक नाचणार कशावर?" मास्तरांनी घड्याळ बघितलं. "पाऊण तास आहे. नाहीतर खंडाळ्याला फोन करतो."

सोपान केरबाकडे न बघता वाद्य उचलून बागेत गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. केरबाचे पाय आपोआप फाटकाकडे वळले. स्टेशन जवळच होतं. त्याने मागे बघितलं तर सोपान आपल्याच हातच्या शेवंतीपाशी वाद्य उराशी धरून उभा होता. केरबा परत आला.

"मास्तर, चूक माजी हाय. मला ह्यातलं काय येत न्हाई. तार कशी टेकाया पायजे, तेवडं सांगा."

मास्तरांनी तारांखालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "एकाच रेषेवर टेकली पाहिजे. सुरीच्या पाठीसारखी. आणि आत्ता आहे त्याहून जराशी उंच."

वीणांसाठी ठेवलेला सांबरशिंगाचा तुकडा केरबाच्या पिशवीत होता. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तो नवी पट्टी घासू लागला. हात इतके कापत होते की त्याने कोपरं पोटात दाबून धरली.

"आजोबा, थंडी वाजते का?" वेटरने विचारलं.

"न्हाई बाबा. भ्या वाटतंय."

पट्टी बसली. तारा ताणताना चौथी करकरली, तेव्हा केरबाने तोंड फिरवलं. सोपानने छेडली. ठोका स्वच्छ पडला, थेट छातीत.

"चल, जागा घे," मास्तर म्हणाले.

आत लोक नाचत होते. केरबा दाराआड बसला होता. गाणं त्याच्या कानात शिरलंच नाही. प्रत्येक ठोक्याला शिंग तडकेल म्हणून तो दाराला कान लावून होता. वेटरने दिलेला चहा तसाच राहिला. मधल्या सुट्टीत सोपान घामाने भिजून बाहेर आला.

"भाऊ, कसं वाजलं?"

"शिंग हाय ना जागेवर?"

"हाय की."

"मग जा. अजून लय वाजवायचंय तुला," केरबा म्हणाला आणि पुन्हा दाराला कान लावून बसला.