पॉपलिनच्या चिंधीवरचा डाग

मोटार यायच्या आधी आमच्या घरात तेल म्हणजे दोनच. एक फोडणीचं, एक शिलाई मशीनचं. मैसूरला आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिंपीकामाचा धंदा, त्यामुळे मशीनला तेल कसं द्यायचं हे नव्या सुनेला पोळ्यांच्या आधी शिकवत. तेल सोडायचं आणि पांढऱ्या पॉपलिनची चिंधी सुईखाली धरून मशीन चालवायचं. चिंधीवर डाग उमटतोय तोवर चालवतच राहायचं. डाग थांबला की मगच गिऱ्हाइकाचं कापड लावायचं.

अशा घरात यजमानांनी सेकंडहँड मोटार आणली. सगळ्यांत जास्त आनंद झाला सासूबाईंना. त्यांचं माहेर कृष्णराजनगरला, आणि गुडघ्यांमुळे बसची पायरी काही चढवत नव्हती. माहेर आता सुटलंच असं त्या धरून चालल्या होत्या. मोटारीनं ते परत दिलं. मागच्या सीटवर ऐसपैस बसायच्या, मांडीवर भावजयीसाठी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची माळ.

मोटारीचं तेल बदलायची वेळ आली तेव्हा यजमान म्हणाले, मीच बदलतो, यंत्र ते यंत्र. लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानात त्यांनी सवयीनं पातळ तेल मागितलं. दुकानदारानं गाडी कोणती, किती जुनी ते विचारून दाट तेलाचा डबा पुढे ठेवला. अंगणात इंजिन कोमट असताना खालचा नट काढला, तशी काळी धार पातेल्यात पडायला लागली. मी बघतच राहिले. मग नवं तेल ओतलं, ते अगदी काकवीसारखं, ऊन आरपार दिसेल असं. एवढं देखणं तेल त्या लोखंडाच्या पोटात जाऊन नेमकं करतं तरी काय, असं मला झालं.

दोन-चार दिवस गाडी चालवून यजमानांनी तेल मोजायची पट्टी ओढली, पॉपलिनवर पुसली. काळा डाग. पुन्हा तेल बदललं. पुन्हा काळा. आता चिंधीवर डाग म्हणजे काम बिघडलं, हे आमच्या हाडात मुरलेलं. यजमान खचलेच. म्हणाले, इंजिन आतून संपलंय, बंद पडायच्या आत विकून टाकू. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार असंही ठरलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, रविवारी एकदा माहेरी ने, सगळ्यांना नीट भेटून घेते.

कृष्णराजनगरला त्यांचे भाऊ, म्हणजे यजमानांचे मामा, भातशेती करायचे. शेतावर त्यांचा डिझेलचा पंप होता, आणि आवाजही पंपासारखाच. परतायच्या आधी यजमान पडल्या चेहऱ्यानं पट्टी चिंधीवर पुसत होते, ते मामांनी पाहिलं.

"काय रे भाच्या, गाडीला झबलं शिवतोस काय?"

यजमानांनी सगळं सांगितलं. मामा पोट धरून हसले. मग पट्टीवरचं तेल भाच्याच्या बोटाला लावून म्हणाले, "उन्हात धर. लोखंडाचा कीस चकाकतोय?"

"नाही."

"चोळून बघ. खरखरतंय?"

"नाही."

"मग उगाच कशाला रडतोस? इंजिनात काजळी धरते. ती कुठं चिकटून बसू नये म्हणून हे तेल ती आपल्यात धरून ठेवतं. काळं होणार नाही तर काय?"

कट्ट्यावर बसलेल्या सासूबाईंनी इतका वेळ ऐकून घेतलं होतं. आता मुलाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे शिकेकाईच्या पाण्यासारखं. डोकं धुतलं की पाणी काळं होतं. म्हणून कोणी डोकं विकतं का?"

यजमान ओशाळं हसले. मीही एक थेंब बोटावर घेतला. काळाभोर, आणि लोण्यासारखा मऊ. अंगणात ओतलेली ती काकवी हीच. आम्ही आत बसून गप्पा मारत, शेंगा खात येत होतो, आणि पुढे त्या अंधारात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून हे मधे पडत होतं, वर सगळी काजळी स्वतःत घेत होतं. माझ्या अंगावर काटा आला. बोट पुसायचं मला सुचलंच नाही, तशीच गाडीत बसले.

सोमवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा सासूबाई मोटारीतच बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत. त्यांनी मान वर न करता सांगितलं की ही गाडी माहेरी जायची आहे, दुसरी बघा. तो यजमानांकडे बघायला लागला. यजमानांनीही मान हलवली.

पुढच्या वेळी तेल बदललं ते मुदत भरल्यावरच. सासूबाईंनी अंगणात खुर्ची टाकून घेतली होती. काळी धार सुटली, बारीक झाली, मग थेंब पडायला लागले. यजमान नट लावायला वाकले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"सगळं येऊ दे," म्हणाल्या. "फार लांबून आलंय ते."

शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो. म्हणजे त्या बसून होत्या, पण हात मात्र त्यांनी जोडले होते.