मोटारीवरचं घोंगडं

अंबुबाईचं माहेर मेंढरांमागं हिंडलं आणि सासरही. बहात्तरच्या दुष्काळात कळप विकावा लागला, तेव्हा तिचा नवरा मायाप्पा एक मोटार घेऊन आला. कुठल्याशा सर्व्हिसनं मोडीत काढलेली ती जुनी बस होती. तरुणपणी तो लॉरीवर राबलेला, त्यामुळं स्टिअरिंगला हात सरावलेला. दोघांनी मिळून बाकडी उपटली, मागच्या बाजूला फळ्यांची बाज ठोकली, दाराशी चूल मांडली आणि घोंगडी विकत गाणगापूरपासून जत्रा-जत्रांना हिंडू लागले. पावसाळ्यात मात्र मोटार चिटगुप्प्याला बाजारतळाच्या कडेला उभी राही.

"मायाप्पानं घराला चाकं लावली," लोक हसत.

"मेंढरांमागं हिंडताना घर तरी कुठं व्हतं?" अंबुबाई म्हणे. त्या मोटारीवर तिचा भारी जीव. खिडक्यांना तिनं जुन्या लुगड्याचे पडदे लावले होते.

त्यांची एकुलती लेक अनसा हुलसूरला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. तिला न्यायचं बोलणं करायला श्रावणात विहीण नागव्वा आली. बाजेवर बसली, आणि छतातून टपकन थेंब तिच्या मांडीवर पडला. मग दुसरा. नागव्वानं वर पाहिलं.

"अक्का, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "पर वल्ल्या अंथरुणात माझी सून बाळंत व्हायची न्हाई. छत कोरडं करा, मंग न्या. न्हाईतर तिकडंच करू."

अंबुबाईला राग आला नाही, कारण विहीण खरं बोलत होती. अनसाच्या आधीचा तिचा मुलगा असाच पावसाळ्यात, माळावरच्या पालात, गारठून गेला होता. तेव्हापासून ओल्या कापडाचा वास आला की ती ते उचलून चुलीशी वाळत घाली. लेक डोळ्यांआड बाळंत होणं तिला सोसणार नव्हतं, आणि ओलीत झोपवणं तर नाहीच.

मायाप्पानं थेंब पडत होता त्याच्या बरोबर वर डांबर लावलं. पाऊस आला, थेंब पडला. पुन्हा डांबर लावलं, पुन्हा थेंब.

"मोटारीला माझ्याशी वाकडं हाय," तो वैतागला.

अंबुबाईनं छताला आतून चुना फासला. पुढच्या सरीनंतर पाहिलं, तर पांढऱ्या चुन्यावर एक तांबूस ओघळ उमटला होता. तो लोखंडी पट्टीच्या कडेनं पार ड्रायव्हरच्या जागेपासून मागं आला होता. पाणी पुढं शिरत होतं आणि मागं टपकत होतं. पुढं छतावर होतं मायाप्पाच्या बापाचं घोंगडं, दोरीनं घट्ट आवळलेलं.

"ते सोडा," अंबुबाई म्हणाली.

"कामून? त्याच्यामुळंच तर पुढची बाजू वाचलीया. बानं जलमभर हे पांघरून पाऊस काढला, एक दिस भिजला न्हाई."

"बा चालत व्हते. चालत्या माणसाच्या अंगावरनं पाणी निथळतंय. मोटार पाऊस लागल्यापास्नं एका जागी बसलीया, घोंगडंबी पाणी पिऊन बसलंय."

"लई शानी झालीस."

"मंग वर जाऊन हात लावून बघा की."

तो वर चढला. घोंगडं एकट्याच्यानं उचलेना, इतकं भिजून जड झालेलं. दोघांनी ओढलं. खाली रंगाचे फोड आले होते, पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. अंबुबाईनं बोट टेकवलं तर बोट आरपार गेलं. मायाप्पा छतावरच मांडी घालून बसला. मग हळूच म्हणाला, "मीच पांघरवलं व्हतं गं तिला. मायेनं."

"ठाव हाय मला. उठा आता."

गंजलेला भाग कापून नवा पत्रा ठोकला. सांध्यांवर डांबर आणि गोणपाट बसवलं, टपावरच्या कॅरियरच्या बोल्टांखाली जुन्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. छतावर पाणी साचू नये म्हणून एका बाजूच्या चाकांखाली चपटे दगड सारले. घर जरासं कललं.

भादव्यात नागव्वा पुन्हा आली, ती पाऊस घेऊनच. मुद्दाम जुन्याच जागी बसली. बाहेर पत्र्यावर पावसाचे ताशे वाजत होते. अंबुबाईनं चहा दिला, तो बशीत एका बाजूला धावला. नागव्वानं बशी संपवली, वर पाहिलं, मांडी चाचपली. कोरडी होती.

"छत गळंना, ते खरं," ती म्हणाली. "पर घर कलंडलंय की, अक्का."

"पाण्याला वाट दिलीया."

"अन् पाळणा?"

"पाळणा टांगायचा असतोय, विहीणबाई. खालचं कसंबी असू द्या, तो सरळच लटकतोय."

नागव्वा हसली. "शनवारी आणून सोडते पोरीला. आता मला उतरताना हात द्या मातर, तुमच्या पायरीचा भरवसा न्हाई."

अनसा आली त्या दिवशी ऊन होतं. मायाप्पानं घोंगडं वाळवून, झटकून, घडी करून दारात आणलं होतं, आणि कुठं ठेवावं ते न कळून तसाच उभा होता.

"इकडं द्या," अंबुबाई म्हणाली. तिनं ते उन्हानं ऊबदार झालेलं घोंगडं बाजेवर अंथरलं, हातानं सगळीकडून दाबून पाहिलं, आणि मग लेकीला म्हणाली, "नीज आता."