प्रमुख पाहुण्यांची चाल

नाशिकहून निघताना नेहमीप्रमाणे यादी केली. स्पर्धेचं घड्याळ, दोन पेनं, जास्तीचा चष्मा, पाण्याची बाटली, पोळ्या. सगळ्यात खाली, अधोरेखित: रेटिंगवाल्याला एकदा हरवायचं. रेटिंग म्हणजे अधिकृत स्पर्धांतून खेळाडूला मिळणारा ताकदीचा आकडा. मी पन्नाशीनंतर बुद्धिबळ गंभीरपणे शिकायला घेतलं. दोन वर्षं रोज सकाळी चाळीस मिनिटं अभ्यास करते, हरलेला डाव पुन्हा मांडून चूक शोधते. तरी रेटिंग असलेल्या एकालाही मी हरवलेलं नव्हतं. भंडारा जिल्ह्यात तुमसरला खुली स्पर्धा आहे असं कळलं आणि तिकीट काढलं.

तुमसर रोड स्टेशनवर सकाळी उतरले. गावात जायला शेअर रिक्षा. दोन्ही बाजूंच्या बांध्या (बांध घातलेली भाताची खाचरं) कापून झालेल्या, त्यांत धानाचे पुंजणे (कापलेल्या पिकाचे रचलेले ढीग). राइस मिल जवळ आल्या तसा उकडलेल्या धानाचा गोडसर, आंबूस वास येऊ लागला.

"कोणाच्या घरी जाऊन राहिल्या जी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"घरी नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धेला."

"असं का. पोराले घेऊन आल्या?" त्यानं आरशातून मागं पाहिलं. "पोरगं कुठं हाय मंग?"

"पोरगं नाही. मीच खेळणार आहे."

तो आरसा सरळ करून रस्त्याकडे पाहू लागला. भाडं मात्र ठरलं तेवढंच घेतलं.

सभागृहात नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "पालक तिकडं, पंख्याखाली." मी नाव सांगितलं. त्यानं यादी दोनदा वाचली आणि मग मला खेळाडूचा बिल्ला दिला. इथवर मी शांत होते.

आपल्याकडे बुद्धिबळाच्या स्पर्धेचं उद्घाटन म्हणजे प्रमुख पाहुणे एका पटावर पहिली चाल करतात, फोटो निघतो, टाळ्या वाजतात. इथं पाहुणे कुठल्याशा लग्नात अडकले होते. तासभर वाट पाहून पंचांनी खेळ सुरू केला, हे योग्यच केलं. जेवणापर्यंत तीन फेऱ्या झाल्या. मी दोन जिंकले, एक हरले. जेवणात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी होती. त्या दिवसात तक्रार करण्यासारखं नव्हतं ते एवढंच.

चौथ्या फेरीत समोर देवचंदभाऊ आले. मोहाडीचे धानाचे व्यापारी, गळ्यात उपरणं आणि नावापुढे रेटिंग. आमचं टेबल नेमकं स्पर्धेच्या बॅनरखाली होतं. दीड तासानंतर पटावर दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली. माझं एक प्यादं जास्त होतं आणि चाल माझी होती. दोन वर्षांत मी इतक्या जवळ कधी आले नव्हते.

तेवढ्यात पाहुणे आले.

पंचांनी सगळ्यांची घड्याळं थांबवली. आयोजक पाहुण्यांना थेट बॅनरखाली घेऊन आले. कोणीतरी माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. "साहेब, एक चाल करा," फोटोवाला म्हणाला, आणि साहेबांनी माझं अगदी कडेचं प्यादं उचलून दोन घरं पुढे ठेवलं. फोटोवाल्याला तो हात पसंत पडला नाही, म्हणून पुन्हा उचलून पुन्हा ठेवलं. टाळ्या झाल्या. पाहुणे मंचावर गेले.

मी पंचांना बोलावलं. "हे प्यादं जागेवर ठेवा."

"राहू द्या ना मॅडम," देवचंदभाऊ म्हणाले. "पाहुण्यानं केली चाल, मले चालते."

"मला चालत नाही. ती मी केलेली नाही."

"चाल तं तुमचीच होती जी. पाहुण्यानं तुमचे कष्ट वाचवले."

पंच कुजबुजले, "मॅडम, एका प्याद्यासाठी कायले टेन्शन घेऊन राहिल्या? साहेब बसले हायेत."

"मग साहेबांना बोलवा आणि हत्ती उचलायला सांगा. म्हणजे प्रश्न मोठा होईल."

आजूबाजूच्या टेबलांवर हसू पसरलं. मी चालींची नोंद पुढे केली. प्रत्येक चाल लिहिलेली, एकही खाडाखोड नाही. भाषण सुरू असतानाच पंचांनी प्यादं मूळ घरात ठेवलं आणि घड्याळ सुरू केलं. मी ठरवलेली चाल केली: हत्तीनं शह. देवचंदभाऊंनी राजा बाजूला घेतला आणि मग एकेक घर पुढं आणत ते कडेचं प्यादंच गाठलं, खाल्लं. वीस चालींनी डाव बरोबरीत सुटला.

"बढिया खेळल्या," ते उठताना म्हणाले. "पण लई गरम हाय तुमी."

मी गरमच होते. एका माणसाच्या फोटोसाठी भरल्या सभागृहातला डाव थांबतो, पटाला हात लागतो, आणि तक्रार करणारीच भांडकुदळ ठरते. दोन वर्षांचा अभ्यास आणि सातशे किलोमीटरच्या वरचा प्रवास यांच्यापेक्षा एक शाल-श्रीफळ मोठं. परतीच्या गाडीत बसताच आयोजकांना पत्र लिहायला घेतलं. पहिला मुद्दा: डाव सुरू असताना पाहुण्यांनी पटाला हात लावू नये.

पाहुणे आले तेव्हा मी किती जिंकत होते, ते पत्रात नेमकं लिहावं म्हणून ती स्थिती मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये मांडली. त्यानं निकाल दिला: जिंकण्याची चाल एकच. कडेचं प्यादं, दोन घरं पुढे. मग देवचंदभाऊंच्या राजाला ते गाठायला एक घर कमी पडतं. हत्तीचा शह म्हणजे बरोबरी.

मी पुन्हा मांडून पाहिलं. तेच उत्तर.

न पाहता, फोटोवाल्याकडे तोंड करून त्या गृहस्थांनी माझा डाव जिंकून दिला होता. समोरच्यानं ती चाल मान्य केली होती. आणि मी भांडून, पुरावा दाखवून, माझी बरोबरी परत मिळवली होती.

गाडी नागपूर सोडून पुढे निघाली तरी पेन हातातच होतं. शेवटी पत्र पूर्ण केलं. त्यातला एक शब्दही कमी केला नाही, फक्त किती जिंकत होते ते वाक्य लिहिलंच नाही. नाशिकला उतरल्यावर टपालात टाकलं.