अधिक दोन बोटं

आमच्या बाईंना खोटं मुळीच चालायचं नाही. ‘खोट्याच्या कपाळी गोटा’ हे त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि ते पुसायची कुणाची छाती नव्हती. अशा बाईंपासून मी एक गोष्ट बारा वर्षं लपवली. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण तोंड उघडायची वेळ आली की मी मूग गिळून बसायची.

बाई दुसरीला शिकवायच्या. लांबी शिकवायची त्यांची तऱ्हाच वेगळी. पहिले पंधरा दिवस फूटपट्टीला हात लावू द्यायच्या नाहीत. मुठीत दोन पेन्सिली धरायच्या, वरची टोकं सारखी दाखवायची आणि विचारायच्या, लांब कोणती? आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो. मग मूठ उघडायची आणि आमची तोंडं बघण्यासारखी व्हायची. ‘आधी बुडं एका रेषेत आणा, मग बोला,’ हे त्यांचं पालुपद. बाक त्यांच्या वितीनं सहा भरायचा, आमच्या वितीनं नऊ. त्यावरून आमची हमरीतुमरी व्हायची आणि त्या खुर्चीत बसून मजा बघायच्या. शेवटी सांगायच्या, डोळा फसतो, वीतही फसते, दोरी फसत नाही.

मग दोरीचा धडा यायचा. जोड्या पाडायच्या. एकानं भिंतीला टेकून उभं राहायचं, दुसऱ्यानं दोरीचं टोक त्याच्या टाचेपाशी जमिनीला दाबून धरायचं. बाई दोरी ताणून डोक्याशी कात्री चालवायच्या. प्रत्येकाची दोरी, तिला नावाची चिठ्ठी, आणि सगळ्या दोऱ्या वर्गाच्या भिंतीवर. कोण कुणापेक्षा किती बोटं उंच, ते वर्षभर मोजत बसा.

बाईंची मुलगी आमच्याच वर्गात होती. तिला सगळे लिंबू म्हणायचे, लिंबूटिंबूतली लिंबू, कारण वर्गात सगळ्यात बुटकी तीच. तिच्यानंतर नंबर माझा. म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी तसा माझा रुबाब, तिच्यापेक्षा एक बोट उंच असल्याचा. शाळेत ती आईला बाई म्हणायची. कधी चुकून ‘आई’ निघालं की आख्खा वर्ग खिदळायचा आणि ती लाल व्हायची.

दोरीच्या धड्याच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याशी सौदा केला. ती टाचा उचलणार, मी दोरीचं टोक जमिनीला धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बदल्यात वासाचं खोडरबर. माझा काय तोटा होता? मी हो म्हटलं. तिचा झगा चांगला लांब होता, बाईंचं लक्ष डोक्याकडे होतं, कात्री चालली. दोन्ही दोऱ्या शेजारी लावल्या तर लिंबू माझ्याहून दोन बोटं उंच. बाईंनी आपली दोन बोटं भिंतीवर आडवी धरून ते वर्गाला दाखवलं. तोंडावरचा आनंद त्यांना लपवता येईना. तो आठवडाभर तिला कुणी लिंबू म्हटलं नाही.

महिन्याभरानं तिला ताप आला. चार दिवसांत ती गेली.

पुढच्या वर्षी मी तिसरीत असताना बाई आमच्या दारात आल्या. आईला म्हणाल्या, उद्या दोरीचा धडा आहे, शाळा सुटली की हिला पाच मिनिटं माझ्या घरी पाठवाल का? आईनं पाठवलं. बाईंनी मला भिंतीशी उभं केलं, चपला काढायला लावल्या, दोरी डोक्यापर्यंत ताणली. तिथे कापलं नाही. माझ्या डोक्याच्या वर दोन बोटं आडवी धरली आणि त्याच्या वर कापलं.

‘तू अधिक दोन बोटं,’ एवढंच म्हणाल्या आणि मला बिस्किट दिलं.

मी आठ वर्षांची होते, पण ही दोरी कुणाची ते मला कळलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. बाई मारतील याची भीती नव्हती, त्या कधी कुणाला मारायच्या नाहीत. भीती वाटली ती त्यांच्याकडे मुलीचं आता एवढंच उरलंय याची, आणि ते मी खोटं आहे म्हणून सांगायचं. मी बिस्किट खाल्लं आणि घरी आले.

मग दर वर्षी. मी टाळाटाळ केली की आई म्हणायची, जा गं, तिला दुसरं आहे काय. बाईंच्या मागच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची रांग होती, दाराशी पहिल्या खिळ्यावर वर्गातून आणलेली लिंबूची दोरी. प्रत्येक खिळा आधीच्याहून थोडा वर, आणि सगळ्या दोऱ्यांची बुडं जमिनीला टेकलेली, एका रेषेत. दारापासून खिडकीकडे बघत गेलं की एक मुलगी वाढत जाताना दिसायची. शिस्तीत उभी असायची बिचारी. मधली एक, दहाव्या वर्षाची, वारा नसतानाही हलायची. असेलही वारा. मी काही तिथे तपासत बसले नाही.

बाई सहज बोलायच्या. यंदा चांगली वाढली. यंदा जरा कमी, अभ्यासाचा ताण असेल. चौदाव्या वर्षी मी एकदम ताडमाड झाले तेव्हा म्हणाल्या, आता माझे कपडे तिला आखूड होणार. हे त्या मला नाही, दोरीला म्हणाल्या. मला तिथून पळत सुटावंसं वाटलं. पण पाय हलले नाहीत, कारण कात्री अजून चालायची होती.

हे घरी आल्यावरही सुटायचं नाही. आरशात बघताना मी डोक्यावर दोन बोटं जागा सोडायला लागले. वर्गाचा फोटो काढताना मला उगाच वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे आणि माझ्यामुळे तिचा चेहरा झाकला जातोय. पुढे मी शिवणकाम शिकले, एका दुकानात मापं घ्यायला लागले. बाईमाणसाच्या खांद्यापासून टेप सोडला की मनात आपोआप यायचं, अधिक दोन. एकदा खरंच तसं कापलं आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. दर वर्षी ठरवायची, यंदा सांगायचंच. दर वर्षी बिस्किट खाऊन परत यायची. मला स्वतःची चीड यायची.

एकोणिसाव्या वर्षी गेले तेव्हा दुपार होती. बाईंनी दोरी ताणली, मग मागच्या दोन वर्षांच्या दोऱ्यांशी लावून बघितली. दोन बोटं धरून तिन्ही सारख्या. त्यांनी पुन्हा लावून बघितलं.

‘तू थांबलीस,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो बाई, आता काय वाढणार, झालं तेवढं झालं. मला वाटलं, सुटले. आता आपोआप संपेल, सांगायची गरजच नाही. तेवढ्यात बाईंनी माझ्या डोक्यावर दोनाऐवजी तीन बोटं धरली.

‘ती थांबली नसेल. ती पहिल्यापासून उंचच.’

कात्री उघडलेली मला दिसली. आता तिला वाढायला माझीसुद्धा गरज उरणार नव्हती. मी मेले तरी ती त्या खोलीत वाढतच राहणार होती, माझ्या एका खोडरबरापायी. मी बाईंचा हात धरला आणि म्हटलं, ‘बाई, ती उंच नव्हती. तिनं टाचा उचलल्या होत्या. दोरी मीच धरली होती.’

बाईंनी कात्री मिटली. मला वाटलं, आता ओरडतील, आता रडतील, हाकलून देतील. त्या फळ्यापाशी उभ्या असल्यासारख्या शांत होत्या.

‘खरं किती?’

‘माझ्यापेक्षा एक बोट कमी.’

‘म्हणजे तीन बोटं जास्तीची.’

त्या खाली बसल्या. खिडकीकडच्या दोरीच्या बुडाशी तीन बोटं धरली आणि कापलं. मग तिच्या शेजारची. गुडघ्यांवर सरकत सरकत एकेक कापत त्या दाराकडे गेल्या. मी बाई, बाई करत राहिले, त्यांनी वर पाहिलं नाही. लिंबूच्या पहिल्या दोरीपाशी मात्र थांबल्या. तिच्यावर तिच्या हातची नावाची चिठ्ठी होती. तीही तीन बोटं कापली, खिळ्यावरून काढली आणि टोक जमिनीला टेकवून सरळ ताणून धरली. त्या गुडघ्यांवर होत्या, वरचं टोक त्यांच्या कपाळाशी आलं. त्यावर त्यांनी दुसरा तळवा ठेवला, डोक्यावर ठेवावा तसा.

‘एवढीशीच होती गं,’ त्या म्हणाल्या, आणि रडल्या. बारा वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी शेजारी बसले. पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीकडे पाहिलं. बाकीच्या अकरा दोऱ्या तशाच लटकत होत्या, जमिनीपासून तीन बोटं वर.

‘मग या कोण?’ बाईंनी विचारलं.

‘मी, बाई,’ मी म्हटलं.