टॉवेलखालची ब्रा

शाळेत संस्कृतच्या बाईंनी शिकवलं होतं, कंचुक म्हणजे योद्ध्याचं चिलखत आणि बाईची चोळीसुद्धा. वा, काय मान! योद्ध्याचं चिलखत म्युझियममध्ये काचेत ठेवतात, लोक तिकीट काढून बघतात. आमच्या काळाचौकीच्या चाळीत बाईची ब्रा मात्र दोरीवर टाकायची आणि वरून टॉवेल झाकायचा, अशी वाळवतात. वाळवतात कसलं, आंबवतात.

आईच्या उजव्या छातीचं ऑपरेशन झालं आणि तिला एका बाजूला कापूस भरलेली ब्रा घालावी लागली. टॉवेलखाली तो कापूस दिवसभर ओलाच. तशीच दमट अंगात चढवायची, मग टाक्यांच्या कडेची कातडी लालभडक. त्यात हात आखडलेला. डॉक्टरीणबाई दर खेपेला बजावायच्या, हात डोक्याच्या वर न्या, आता नेला नाहीत तर खांदा कायमचा धरून बसेल. मी तिला भिंतीपाशी उभी करून बोटं वर चढवायला लावायचे. खांद्याच्या उंचीला आली की ती थांबायची, डोळ्यांत पाणी. तिची वेणीसुद्धा मीच घालत होते. रागावले, गयावया केल्या. ढिम्म.

एका रविवारी माझी सटकली. कसली डोंबलाची लाज, म्हटलं, आणि ती ब्रा गॅलरीत सरळ उन्हात टाकली. वर काही नाही. शेजारच्या काकू बघून न बघितल्यासारखं करत आत गेल्या. समोरचे आजोबा पेपर घेऊन खुर्चीसकट वळले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मंडळाची पोरं आरतीचं आमंत्रण द्यायला जिना चढताना ऐकू आली. आई खाटेवरून उठली आणि टॉवेल घेऊन बाहेर आली.

"भायर कित्याक घातलंस गो?" बाहेर कशाला टाकलीस, एवढंच आपल्या मालवणीत म्हणाली.

दोरी तिच्या डोक्यापेक्षा चांगली वर. तिने दात आवळले आणि दोन्ही हात वर नेले. उजवासुद्धा, पार दंड कानाला लागेपर्यंत. टॉवेल पसरला, कडा ओढून सारख्या केल्या, आणि मग दाराला टेकून थरथरत उभी राहिली. मी तिला धरलंही नाही, इतकी चिडले होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हात वर करून बघितला आणि खूश झाल्या. कसं जमवलंत, म्हणाल्या.

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनेच करून घेतलं."