धाकू घाडीचा तोल

धाकू घाडी आणि मी भांडुपच्या एका कारखान्यात लोखंडी टाक्या बनवायचो. मी बाहेरून वेल्डिंग मारायचो. तो टाकीत उतरून जोडावरची खपली हातोडीने ठोकून काढायचा. टाकीच्या पोटात तो आवाज केवढा होतो ते आत बसलेल्यालाच माहीत. कानात कापसाचे बोळे घालून त्याने नोकरी काढली. अर्धवट साफ केलेला जोड त्याने कधी पुढे सोडला नाही. निवृत्त झाला तेव्हा कान जवळजवळ गेले होते.

तोल नंतर गेला, एका मोठ्या आजारात. माणसाचा तोल कानाच्या आत असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. उजेडात धाकू बरा चालायचा. पण एकदा अंघोळ करताना तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि मोरीतच आडवा झाला. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, मनगट जुळेल. खुबा मोडला तर या वयात पुन्हा उभं राहणं कठीण.

श्रुतिका नावाची मुलगी व्यायाम शिकवायला यायची. भिंतीवरच्या खुणेवर नजर ठेवून मान हलवायची, मग तसंच चालायचं. मळमळायला लागलं तरी धाकू सोडायचा नाही. घरच्यांना तिने बजावलं होतं, "आजोबांना मागून धरू नका, दचकून पडतील. आणि नजरेसमोर काहीतरी स्थिर असू द्या."

त्याच्या इमारतीत, मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मात्र याचा पत्ता नव्हता. मनगटाचं विचारलं की तो म्हणायचा, लादी ओली होती. मी एकदा म्हटलं, सांगून टाक ना.

"बहिरो म्हणतत ता चलता," तो म्हणाला. "झोकांडी जाता म्हटला की दारू टाकून इलो म्हणतले."

मग गणपती आले. मुलुंडच्या त्याच्या घरात संध्याकाळच्या आरतीला अख्खा मजला जमतो, आणि ताट धाकूच्याच हातात असतं. सुगंधावहिनींनी सतरंजी उचलली, लादी कोरडी केली, खुर्ची आणून ठेवली.

"माका खुर्ची नको. देवाफुडे बसान आरती करतत काय?"

"पडा मग," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, तुम्ही जवळ राहा यांच्या."

मी मागे उभा राहिलो. झांजांचा त्रास होतो म्हणून धाकूने कानातलं यंत्र काढून ठेवलं. कापूर पेटला. दरवाजापर्यंत माणसं उभी होती. सजावट उठून दिसावी म्हणून त्याच्या मुलाने, सिद्धेशने, ट्यूब बंद केली आणि मूर्तीमागचं सोनेरी चक्र सुरू केलं. ते दिव्यांसकट गरागरा फिरायला लागलं.

पहिली आरती नीट झाली. दुसरीत धाकूचा डावा पाय सरकला. पुन्हा सरकला. मला वाटलं, जागा करतोय. मग खांदा कलला, ताट कललं, पेटता कापूर कडेला आला. त्याची नजर मूर्तीवरच होती, शिकवल्याप्रमाणे. पण मूर्तीच्या मागे सगळं फिरत होतं.

हाक मारून उपयोग नव्हता. मागून धरायचं नव्हतं. पुढे जायला जागा नव्हती. ताटाला लागून पोरं उभी होती. नुसतं चक्र बंद केलं असतं तर खोलीत अंधार झाला असता, आणि अंधारात तो उभाच राहू शकत नाही. मी माणसं ढकलत दाराजवळच्या बटणाकडे गेलो.

"ओ काका, पाय दिलात ना."

ट्यूब लावली. वहिनींनी वळून पाहिलं. मी चक्राकडे बोट केलं. त्यांनी पाण्याचा तांब्या ओलांडून हात घातला आणि वायरच ओढली.

"आई, डेकोरेशन," सिद्धेश म्हणाला.

"गप रव."

चक्र थांबलं. धाकूने टेबलाची कड पकडली. पाय फाकवून तो उभा राहिला. बनियनपर्यंत घाम आला होता. आरती चालूच होती आणि आता सगळ्यांनी हात जोडून स्वतःभोवती फिरायची वेळ आली. पुढची दोन पोरं गिरकी घ्यायला लागली. धाकूचं डोकं त्यांच्यामागे गेलं. टेबलावरची बोटं पांढरी पडली.

"थांबा," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, झांजांवरून गेला. "कोणी फिरायचं नाही. मला चक्कर येते. तुम्ही फिरलात की मी पडतो."

झांजा थांबल्या. समोरचे विद्याधर काका म्हणाले, "अहो, पण प्रदक्षिणा नको का? देव काय म्हणेल?"

"देव बसलाय ना तो," वहिनी म्हणाल्या. "त्याला कसली घाई."

कोणीतरी हसलं. पोरं जागच्या जागी थांबली. उरलेली आरती सगळ्यांनी उभ्यानेच म्हटली. धाकूला त्यातलं काही ऐकू आलं नसावं. तो लोकांचे ओठ बघत होता. सगळ्यांचे ओठ मिटले तेव्हा त्याने ताट टेबलावर टेकवलं.

"सिद्धेश, ताट तू फिरव सगळ्यांना," तो म्हणाला. "माझ्याच्याने होणार नाही."

कारखान्यात इतकी वर्षं सोबत काढली, पण हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सिद्धेशने ताट घेतलं. माणसं एकेक करून आरतीवर हात धरायला लागली.